कन्व्हर्टर बसला म्हणजे जमला असं नाही

"मावशे, हें लागना गो!" म्हणत शेजारच्या झेरॉक्सवाल्यांचा मुलगा काउंटरवर आला तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. एका हातात निकॉन झेड ५० आणि त्यासोबत मिळालेली ५०-२५० लेन्स, दुसऱ्या हातात कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला निकॉनचाच १.४ पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून लांबचं आणखी मोठं दाखवणारा काचेचा जोड. कंपनी तीच, माउंट (लेन्स अडकवायची खाच) तोच, मग बसत का नाही? "लागचेंच ना तें," मी म्हटलं आणि गिऱ्हाइकं पांगेपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं.

फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे, हे इथं नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. रविवारी सकाळी दुकान नवरा बघतो आणि मी पक्ष्यांच्या मागे असते. हे गावभर झाल्यामुळे लोक खोकल्याच्या औषधाबरोबर लेन्सचाही सल्ला मागतात. पाऊस सरून तळ्यांवर परदेशी बदकं उतरायला लागली की प्रश्न ठरलेला असतो: माझ्या लेन्सला कन्व्हर्टर चालेल का? तोंडी उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

कन्व्हर्टर हातात घेतलात की आधी त्याचं तोंड बघा, म्हणजे लेन्सकडची बाजू. निकॉन झेड, कॅनन आरएफ आणि सोनी या तिघांच्याही कन्व्हर्टरला तिथे एक नळकांडं बाहेर आलेलं दिसेल, त्याच्या टोकाला काच. हे नळकांडं लेन्सच्या पोटात शिरतं. आता लेन्स उलटी करून तिच्या बुडाशी बघा. ज्या लेन्स कन्व्हर्टर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात त्यांची शेवटची काच खोल आत असते, ट्यूबलाइटखाली धरली तर एखाद्या बोळातून बघितल्यासारखी लांब दिसते. त्या मुलाच्या ५०-२५० मध्ये तशी जागाच नाही. नळकांडं आत जायला लागलं की अडणार, आणि जोर लावला तर काचेवर काच घासणार. मी त्याला दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हां, कळलं."

म्हणून दुकानदाराला "बसेल का" विचारू नका. लेन्स बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या त्या कन्व्हर्टरचा तक्ता असतो, त्यात आपल्या लेन्सचं पूर्ण नाव शोधा. पूर्ण म्हणजे शेपटासकट. नुसतं ७०-२०० म्हणून भागत नाही. कॅननच्या आरएफ ७०-२०० एफ २.८ चं उदाहरण घ्या. २०१९ साली आलेली, झूम करताना लांब होणारी लेन्स कन्व्हर्टर घेत नाही. २०२४ साली नावात झेड हे अक्षर लावून आलेली, लांबी न बदलणारी घेते. सोनीकडेही तसंच. जुनी ७०-२०० एफ ४ घेत नाही, २०२३ ची मॅक्रो म्हणवणारी दुसरी आवृत्ती घेते. आमच्या धंद्यात एकाच नावाच्या गोळीत शेवटी एक अक्षर वेगळं असलं की आत दुसरंच औषध असतं, आणि ते न बघता दिलं तर फार्मासिस्ट गोत्यात येतो. इथे तेवढं गोत्यात येणार नाही कुणी, पण पैसे जातील.

तक्त्यात नाव सापडलं तरी तळटिपा वाचायच्या. कॅननची आरएफ १००-५०० पक्षी टिपणाऱ्यांत बरीच दिसते. तिला आरएफचे दोन्ही कन्व्हर्टर लागतात, पण ३०० ते ५०० एवढ्याच पट्ट्यात. ३०० च्या खाली झूम मागे आणता येत नाही, कारण नळकांडं आड येतं. म्हणजे १.४ पट लावला की लेन्स ४२० ते ७०० होते, आणि लांबच्या टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ ७.१ चं एफ १० होतं (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक). पुढ्यातल्या फांदीवर अचानक काही येऊन बसलं तर १०० वर परत येण्याची सोय गेली. शिवाय कन्व्हर्टर लावलेला असताना लेन्स पूर्ण मिटत नाही, त्यामुळे ती नेहमीच्या बॅगेत मावत नाही. हे शेवटचं कोणी सांगत नाही, आणि स्कूटरवरून जाणाऱ्याला तर तेच आधी कळायला हवं. कॅननचीच २००-८०० मात्र सगळ्या पट्ट्यात चालते.

अडॅप्टरवाल्यांचा गोंधळ वेगळा. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, जुन्या लेन्स नव्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, बॉडीवर वापरायच्या असतील तर कन्व्हर्टर जुन्या लेन्सच्या घराण्यातला हवा. क्रम असा: जुनी लेन्स, जुना कन्व्हर्टर, मग अडॅप्टर, मग नवी बॉडी. नवा कन्व्हर्टर अडॅप्टरला जोडायला गेलात तर तो बसतच नाही, निकॉनमध्येही नाही आणि कॅननमध्येही नाही.

आणि ज्यांच्याकडे सोनीची बॉडी आणि बाहेरच्या कंपनीची लांब लेन्स आहे, त्यांना वाईट बातमी. टॅमरॉनची १५०-५०० किंवा सिग्माची मिररलेससाठीची १५०-६०० सोनी माउंटमध्ये घेतली असेल तर तिच्यासाठी कन्व्हर्टर मिळतच नाही. सिग्माची हीच लेन्स एल माउंटमध्ये घेतली तर सिग्माचेच दोन कन्व्हर्टर तिला चालतात. लेन्स तीच, फरक फक्त माउंटचा. आमच्या रविवारच्या मंडळीतले एक मास्तर हे ऐकून दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू नियम मी केलाय.

हे झालं बसण्यापुरतं. बसलेला कन्व्हर्टर कामाचा आहे की नाही, हे अ‍ॅपर्चर ठरवतं. लोक बघतात ते "किती पट" हे आणि खूश होतात. पण १.४ पटाला एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, दोन पटाला दोन स्टॉप, आणि निकॉनचा जुना १.७ पट आहे त्याला दीड. एफ ५.६ ची लेन्स अनुक्रमे एफ ८, एफ ११ आणि एफ ९.५ होते.

डीएसएलआरवाल्यांचं घोडं इथे अडतं. त्या कॅमेऱ्यात फोकस बघणारा सेन्सर आरशाच्या खाली वेगळा असतो. लेन्सच्या एका कडेकडून आणि समोरच्या कडेकडून येणारा प्रकाश ताडून तो अंतर ठरवतो. अ‍ॅपर्चर बारीक झालं की त्या कडाच झाकल्या जातात. बहुतेक बॉड्यांमध्ये हे गणित एफ ५.६ पर्यंत जमतं, बऱ्यापैकी बॉड्यांत मधले काही बिंदू एफ ८ ला चालतात, आणि त्यापुढे फोकस नुसता पुढेमागे भटकत राहतो. माझ्याकडे निकॉन डी ५०० आणि २००-५०० एफ ५.६ आहे. डी ५०० मध्ये फोकसचे १५३ बिंदू आहेत, एफ ८ ला त्यातले १५ उरतात, आणि त्यातले आपल्याला निवडता येतात ते फक्त ९.  म्हणजे पक्षी त्या मोजक्या बिंदूंपैकी एकावर आणून फोकस करायचा, मग कॅमेरा हलवून मांडणी करायची. उडत्या घारीबरोबर हे जमवून बघा! बसलेल्या घारीबरोबर जमतं. १.७ आणि २ पट माझ्या या लेन्सला बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते झेपत नाही, माझ्या तर नाहीच.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होत असल्यामुळे ही अट पुष्कळ सैल झाली. आमच्या गटातल्या एका डॉक्टरांकडे सोनीची २००-६०० आहे, १.४ लावून ती ८४० एफ ९ होते, आणि भर उजेडात ती डोळा पकडते, अगदी शेकाट्याचा लाल डोळासुद्धा. कॅननचे आर ५ सारखे कॅमेरे तर एफ २२ पर्यंत फोकस करतात. पण फोकस होतो म्हणून फोटो चांगला येतो असं नाही. प्रकाश गेला तो गेलाच, त्याची भरपाई आयएसओने, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवून, करावी लागते.

ही भरपाई गोव्यात कुठे परवडते आणि कुठे नाही, हे जागेनुसार सरळ सांगता येतं. करमळीचं तळं, रेल्वे स्टेशनाला लागूनच. पाणी मोठं, पक्षी मध्यावर, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठाला येत नाहीत, अडया बदकं तर सगळ्यात लांब. ऊन पाठीशी घेऊन उभं राहता येतं. सकाळी थोडं ऊन चढल्यावर एफ ८, आयएसओ ८००, शटर १/१६०० असं काहीतरी सहज मिळतं. इथे १.४ पट कन्व्हर्टर पैसे वसूल करतो. मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव आणि सुरय वाळूवर थवे करून बसतात, तिथेही तेच. जवळ गेलं की सगळा थवा उडतो, त्यापेक्षा लांबूनच बसून घ्यावं.

चोडणला अर्धंअर्धं आहे. रायबंदरहून फेरी घेऊन उतरलं की सलीम अली अभयारण्य लगेच लागतं. खाडीच्या तोंडाला उघड्या प्रकाशात खांबावर बसलेला खंड्या असेल तर कन्व्हर्टर ठेवा. आतल्या वाटेने खारफुटीत शिरलात की काढा. भर दुपारीही तिथे सावली दाट असते, आणि पक्षी इतके जवळ दिसतात की ७०० मध्ये नुसती शेपटी येईल.

मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, या सगळ्या रानांत मी २००-५०० वर कन्व्हर्टर लावतच नाही. झाडीत बसलेला कर्णा पक्षी नशिबाने स्थिर बसतो. एफ ५.६ ला आयएसओ ६४०० वर १/१२५ मिळत असेल तर कन्व्हर्टर लावून तेच १/६० होतं, आणि लांबी वाढल्यामुळे हाताची थरथर १.४ पट मोठी होऊन उमटते. दोन्हीकडून मार. त्यापेक्षा ५०० ला टिपा आणि घरी कापा.

आगरवाड्याच्या मिठागरांवर वेगळीच गंमत. तिथे उजेडाला तोटा नाही. पण दहाच्या सुमारास तापलेल्या मिठागरांवरून हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी पाण्यातून बघावा तसा हलतो. मग ५०० असो की ८४०, तपशील हवेतच विरघळलेला असतो. कन्व्हर्टर तो हललेला तपशील मोठा करून दाखवतो, एवढंच. लोक परत येऊन म्हणतात, कन्व्हर्टर सॉफ्ट आहे. कन्व्हर्टर ठीक असतो, उन्हं चढायच्या आत निघायला हवं होतं.

"कापलं तरी चालतं, मग कन्व्हर्टर घ्यायचाच कशाला?" हा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर आहे. याचं उत्तर घरीच काढता येतं. ओळखीच्या कुणाकडून एका रविवारपुरता कन्व्हर्टर मागून आणा. व्हरांड्याच्या एका टोकाला उजेडात कालनिर्णय टांगा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा तिवईवर. कन्व्हर्टरशिवाय एक फोटो, कन्व्हर्टर लावून एक. पहिला संगणकावर दुसऱ्याएवढा होईपर्यंत मोठा करा आणि तारखेच्या खालची बारीक तिथी वाचा. माझ्या २००-५०० चा निकाल असा: पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे कन्व्हर्टरसकट एफ ८ ला, दोन्हीत फरक शोधावा लागतो. एफ ११ ला मात्र कन्व्हर्टरच्या फोटोत "शु." आणि "कृ." स्पष्ट वाचता आले, कापलेल्यात ते डाग होते. म्हणजे माझ्या लेन्सला कन्व्हर्टरचा फायदा आहे, पण एक स्टॉप आणखी बंद केला तर. म्हणजे आणखी उजेड हवा. म्हणजे पुन्हा करमळी किंवा मोरजी.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर हा प्रयोग करायला केन्कोसारख्यांचे कन्व्हर्टर मिळतात. त्यांचं तोंड सपाट असतं, नळकांडं नसतं, म्हणून ते जवळजवळ कशालाही बसतात. पण ७०-३०० एफ ६.३ लेन्स १.४ पटाला एफ ९ होते, आणि त्या लेन्सच्या लांब टोकाला आधीच जो मऊपणा असतो तोही १.४ पट होतो. कन्व्हर्टर लेन्सच्या चित्राचा मधला भाग ताणून मोठा करतो. मूळ चित्रात जेवढा दम असेल तेवढाच पुढे येणार. त्या पैशात थोडी भर घालून सेकंडहँड लांब लेन्स घ्यावी असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

डीएसएलआरवाल्यांनी कन्व्हर्टर घेतल्यावर फोकसची बारीक जुळवणी नव्याने करावी. डी ५०० मध्ये लेन्स एकटी आणि लेन्स अधिक कन्व्हर्टर या दोन्हींसाठी वेगळे आकडे साठवता येतात. कालनिर्णय तसंच टांगलेलं ठेवा, त्यावरच हेही होईल.

आता माझ्या आवडीचं. कन्व्हर्टर सगळ्यात शोभतो तो लांबलचक झूमला नाही, हलक्या आणि मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सला. निकॉनची ३०० एफ ४ पीएफ २०१५ साली आली. वजन ७५५ ग्रॅम, कन्व्हर्टर १९० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून किलोच्या आत ४२० एफ ५.६, आणि एफ ५.६ असल्यामुळे डी ५०० चे सगळे बिंदू चालू. माझ्या २००-५०० चं वजन २.३ किलो आहे. नेत्रावळीच्या चढावर दोन्हीतला फरक खांद्याला विचारा. मी ही लेन्स सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून मोठी लेन्स तळ्याकाठी गाडी उभी करता येते तिथेच नेते.

या जोडीचा आणखी एक फायदा फुलपाखरांच्या मागे असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं सर्वांत जवळचं फोकस अंतर तेच राहतं. ३०० पीएफचं १.४ मीटर आहे, आणि त्या अंतरावर ती वस्तूच्या साधारण पाव आकाराचं चित्र सेन्सरवर पाडते. कन्व्हर्टरने ते एक तृतीयांशावर जातं. पावसानंतर आमच्याकडच्या बागांत सदर्न बर्डविंग येतं, भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक. ते ताजं असताना पंखांवरचे खवले या जोडीने दिसतात, आणि त्याला न उडवता.

एक गोष्ट गोव्यातल्यांसाठी. कन्व्हर्टर म्हणजे बुरशीला आणखी एक घर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तिथे काचांचं काय. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. औषधांच्या बाटल्यांतल्या पुड्या लोक माझ्याकडे मागतात, पण त्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा उपयोग नाही. रंग बदलणारं सुटं सिलिका जेल घ्या, ओल धरलं की रंग पालटतो, तापवलं की परत येतो. निळ्याचं गुलाबी होणाऱ्यात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाची कढई वापरू नका. जुना तवा ठेवा बाजूला. आणि किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स उघडून कन्व्हर्टर बदलू नका, गाडीत बसून, काचा वर करून, कॅमेरा बंद करून बदला. खाऱ्या वाऱ्याचे कण आत गेले की ते काढायला मुंबईच गाठावी लागते.

राहिला दोन पट. दोन स्टॉप घालवून परवडेल अशी लेन्स हवी, म्हणजे एफ २.८. आणि ती गावोगावी आहे, फक्त पक्षीवाल्यांकडे नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे ७०-२०० एफ २.८ असते. शिगमो, जत्रा, लग्नं आटोपली की त्यांना रविवारी तळ्यावर यावंसं वाटतं आणि ते थेट ६०० च्या लेन्सची चौकशी करतात. त्यांनी आधी आपली ७०-२०० कोणत्या पिढीची आहे ते बघावं, तक्त्यात असेल तर दोन पट घ्यावा. १४०-४०० एफ ५.६ तयार, आणि लग्नाच्या दिवशी कन्व्हर्टर काढून ठेवला की लेन्स पुन्हा एफ २.८. ती किट लेन्सपेक्षा सरस आहेच. ४०० पुरत नाही असं वाटेपर्यंत एक हिवाळा निघून जातो. तोवर पैसे बँकेत.